तापमान संवेदकाची निवड : तुलनात्मक कोष्टकाच्या मर्यादा

प्रस्तावना

औद्योगिक उपकरणशास्त्राच्या अध्यापनात तापमान संवेदकाची निवड हा विषय बहुधा एका तुलनात्मक कोष्टकावर संपविला जातो. थर्मोकपल, प्लॅटिनम रोध तापमापक (आरटीडी) व थर्मिस्टर यांची तापमानकक्षा, अचूकता आणि किंमत शेजारी मांडली की निवड आपोआप होते, असा समज त्यातून दृढ होतो. दूध पाश्चरीकरणाच्या संदर्भात या समजाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन

कोष्टक निरुपयोगी नाही. सुमारे १६०० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या पोलादासाठी आरटीडी बाद ठरतो व प्लॅटिनम-ऱ्होडियम थर्मोकपल वापरावे लागते, एवढा निर्णय ते निश्चित देते. अडचण मध्यम तापमानाची आहे. अखंड पाश्चरीकरणात दूध किमान ७२ अंशांवर १५ सेकंद राहणे आवश्यक असते. तापमान घसरल्यास झडपेने ते मागे वळवावे लागते. या तापमानाला आयईसी मानकानुसार ‘बी’ वर्गाच्या पीटी-१०० ची अनुज्ञेय त्रुटी सुमारे ±०.६६ अंश, तर दुसऱ्या वर्गाच्या के-प्रकार थर्मोकपलची ±२.५ अंश आहे. कोष्टक पीटी-१०० सुचविते व ते योग्यही आहे.

परंतु पीटी-१०० चा रोध प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३८५ ओहमनेच बदलतो. दोन तारांच्या जोडणीत तारांचा एकूण रोध १ ओहम असून त्याची भरपाई केलेली नसेल, तर दर्शक सुमारे २.६ अंश अधिक दाखवितो. म्हणजे ७२ अंशांची नोंद होत असता दूध प्रत्यक्षात ६९.४ अंशांवर असते. संवेदकाची अचूकता अशा प्रकारे तारांतच नष्ट होते, आणि तीही धोक्याच्या दिशेने. तीन किंवा चार तारांच्या जोडणीने हा दोष टाळता येतो.

दुसरा मुद्दा कालविलंबाचा. जाड थर्मोवेलमधील संवेदकाचा कालस्थिरांक १५ सेकंद असल्यास, दुधाचे तापमान एकाएकी ३ अंशांनी घसरल्यावर १५ सेकंदांनंतरही दर्शकावर सुमारे १.९ अंशांचीच घट उमटते. तोवर अपुरे तापलेले दूध झडपेपुढे गेलेले असू शकते.

निष्कर्ष

निवड केवळ संवेदकाची नसून संपूर्ण मापनसाखळीची असते. त्रुटी कोणत्या दिशेची घातक आहे आणि बदल किती सेकंदांत कळला पाहिजे, हे प्रश्न प्रथम विचारले जावेत. जोडणी व बसवणूक त्यांनुसार ठरावी. कोष्टकाचे स्थान त्यानंतरचे आहे. अध्यापनात हा क्रम उलटा राहिला, तर कागदावर अचूक असलेली निवड ग्राहकाच्या आरोग्याचे रक्षण करीलच असे नाही.