हस्तक्षेप आणि सोबत : 'अनअसिस्टेड चाइल्डबर्थ'ची चिकित्सा

लॉरा कॅप्लन शॅन्ली यांचा 'अनअसिस्टेड चाइल्डबर्थ' हा ग्रंथ १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. डॉक्टर वा सुईण यांच्याविना घरी प्रसूत होण्याचे तो समर्थन करतो. या भूमिकेस ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन रुग्णालयांत मॉर्फीन व स्कोपोलामीन देऊन प्रसूतीची स्मृतीच पुसली जाई. स्वतःच्या प्रसूतीत स्त्री कर्ती उरत नसे. अशा वैद्यकीय वर्चस्वाविरुद्धचा आक्षेप रास्तच ठरतो.

भयातून वेदना व गुंतागुंत उद्भवते, हा ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त मात्र तपासून पाहावा लागतो. ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी भय आणि वेदना यांचा संबंध त्यापूर्वीच मांडला होता. परंतु त्यांनी जाणकार साहाय्यकाची उपस्थिती नाकारली नव्हती, उलट प्रसूतिकाळातील एकाकीपणा घातक मानला होता. शिवाय गर्भाशय आकुंचन न पावल्यामुळे होणारा रक्तस्राव निर्भय स्त्रीलाही, पूर्वसूचनेविना, गाठू शकतो. तेथे मनोधैर्य ऑक्सिटोसिनची जागा घेऊ शकत नाही.

हस्तक्षेप आणि सोबत यांतील भेद पुसणे, ही या मांडणीची मूलभूत मर्यादा होय. तथापि केवळ धोके दाखवून तिचे खंडन पूर्ण होत नाही. जेथे रुग्णालयात अवमान आणि घरी एकाकीपणा एवढेच पर्याय उरतात, तेथे 'निवड' हा शब्दच अपुरा ठरतो. स्त्रीचा निर्णयाधिकार मानणारी कुशल सुईण उपलब्ध असेल, तरच ती निवड खऱ्या अर्थाने स्वतंत्र म्हणता येईल.