वेळेवर पोहोचलेला धागा

स्पायडरमॅनचा नवा चित्रपट आला की मी पहिल्याच आठवड्यात पाहून येतो, आवडला तर पुन्हा जातो. त्यामुळे पुढची तक्रार एका चाहत्याची आहे, तटस्थ परीक्षकाची नाही. कॉमिकवरून केलेला चित्रपट मूळ गोष्टीशी किती इमान राखतो, हा आम्हा चाहत्यांचा न संपणारा वाद. तो बहुतेक वेळा पोशाखाचा रंग, खलनायकाचा मुखवटा आणि गाळलेली पात्रं यांच्याभोवतीच फिरतो. मला तो एकाच प्रसंगावर तपासून पाहायचा आहे : ग्वेन स्टेसीचा मृत्यू.

'द अमेझिंग स्पायडरमॅन'चा १२१वा अंक, जून १९७३. किंमत वीस सेंट. लेखक जेरी कॉनवे, चित्रकार गिल केन. ग्रीन गॉब्लिन पीटर पार्करच्या प्रेयसीला, ग्वेनला, पळवून न्यूयॉर्कमधल्या एका पुलाच्या मनोऱ्यावर नेतो. (मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टनचा आहे, चित्रात ब्रुकलिनचा वाटतो.) तिथून तो तिला खाली पाडतो. स्पायडरमॅन जाळ्याचा धागा फेकतो, धागा तिच्या पायांना चिकटतो आणि ती अधांतरी थांबते. ती वाचली असं समजून तो तिला वर ओढू लागतो. ओढता ओढता स्वतःच्या शक्तीचं तोंडभर कौतुकही करतो. वर आल्यावर कळतं की ती गेली आहे.

मग वाचक पानं उलटून मागे जातो. धागा लागला त्या चौकटीत, तिच्या मानेजवळ, बारीक अक्षरांत एक आवाज छापलेला असतो : 'स्नॅप'. मराठीत आपण 'कट्' म्हणू. पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून तो निसटला होता.

गॉब्लिन पीटरला सांगतो की एवढ्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीवर आदळण्याआधीच मरतो. म्हणजे धागा पोहोचला तेव्हा ती गेलेलीच होती. ते बारीक अक्षर मात्र वेगळी साक्ष देतं. काही महिन्यांनी वाचकांच्या पत्रांच्या पानावर खुलासा आला की झटक्यानेच मान मोडली. पण हा खुलासा अंकाबाहेरचा. अंकात पीटरच्या वाट्याला फक्त शंका येते. त्याचा नेम चुकला नव्हता, त्याला उशीरही झाला नव्हता. धागा वेळेवर पोहोचला आणि कदाचित म्हणूनच ती मेली. वाचवण्याच्या कृतीनेच जीव जाऊ शकतो, ही गोष्ट सुपरहीरोच्या मुळावर येणारी आहे.

आता चित्रपटांकडे येऊ. २००२च्या सॅम रेमींच्या 'स्पायडरमॅन'मध्ये गॉब्लिन क्वीन्सबरो पुलावर उभा आहे. एका हातात मेरी जेन, दुसऱ्या हातात मुलांनी भरलेल्या केबल-डब्याची तार. कोणाला वाचवायचं ते निवड, असं तो म्हणतो आणि दोन्ही सोडून देतो. स्पायडरमॅन दोघांनाही वाचवतो. हा चित्रपट मला आजही आवडतो, पण इथे पूल उरला आणि प्रश्न गेला. निवडच करावी लागली नाही, तर निवडीची किंमत कोण मोजणार?

२०१४चा 'द अमेझिंग स्पायडरमॅन २' अधिक धीट आहे. दिग्दर्शक मार्क वेब यांनी ग्वेनला खरोखर मरू दिलं. तिचा पोशाख कॉमिकमधल्याची आठवण देतो. घड्याळाच्या मनोऱ्यात ती कोसळते तेव्हा काटे १ वाजून २१ मिनिटांवर थांबतात, म्हणजे अंक १२१. एक श्रेय तर निःसंशय द्यायला हवं : कॉमिकमध्ये ग्वेन बेशुद्ध आहे, तिला बोलायला एक शब्द नाही, चित्रपटात ती स्वतःच्या निर्णयाने तिथे येते. पण पडण्याचा क्षण पाहा. गती मंदावते, धागा तिच्यामागे झेपावतो, त्याचं टोक हाताच्या बोटांसारखं उघडतं. तो पोहोचतो, पण उशिरा. आपल्याला रडू येतं ते 'थोडक्यात चुकलं' म्हणून. धागा एक क्षण आधी निघाला असता तर ती वाचली असती, हा दिलासा त्या रडण्यातच दडलेला आहे. अंकाचा आकडा जपला, अंकाची शंका मात्र पुसली गेली.

आणि अपराध उशिराचाच असेल, तर तो फेडताही येतो. २०२१च्या 'नो वे होम'मध्ये तेच घडतं. दुसऱ्या विश्वातली एमजे उंचावरून पडते. अँड्र्यू गारफिल्डचा पीटर, ज्याची ग्वेन गेली तो, स्वतः उडी घेऊन तिला हातांत झेलतो. ती ठीक आहे ना, असं विचारताना त्याचेच डोळे भरून येतात. थिएटरात टाळ्या पडत होत्या आणि मी रडत होतो. तेव्हापासून मला त्या अश्रूंचा थोडा संशय येतो. कशाबद्दल रडलो मी? हिशेब चुकता झाला म्हणून. १९७३च्या अंकातला हिशेब मात्र चुकता होणारा नव्हता. पीटरने पुढे हजार माणसं झेलली, तरी त्या चौकटीतलं बारीक अक्षर खोडलं जात नाही.

या प्रसंगाशी सर्वांत प्रामाणिक चित्रपट मला सापडला तो २०२३चा ॲनिमेशनपट, 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'. त्यात ग्वेन पडून मरत नाही. ती स्वतःच नायिका आहे. इतर विश्वांतल्या ग्वेनचं स्पायडरमॅनवर प्रेम जडतं तेव्हा शेवट काय होतो, हे ती स्वतःच माइल्स मोरालेसला सांगते. पण मला जे हवं होतं ते मिळालं मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून बनलेल्या मुंबॅटनमध्ये. तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर २००४च्या भारतीय कॉमिकमधून आलेला. त्याच्या मैत्रिणीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग, मरणार असतात. माइल्स त्यांना वाचवतो. क्षणभर आनंद होतो आणि शहराच्या मधोमध भगदाड पडू लागतं. त्याला सांगण्यात येतं की तो मृत्यू ठरलेला होता, तू वाचवलंस म्हणून हे विश्व ढासळतं आहे.

वेळेवर पोहोचलेला तोच धागा इथे पुन्हा दिसतो. ना गॉब्लिन, ना तो आकडा. तरीही अंक १२१चा प्रश्न अख्खा उभा आहे : वाचवणाऱ्याने वाचवण्याचा परिणाम कसा पेलायचा? सांगणारा खरं बोलतो आहे की गॉब्लिनसारखं आपल्या सोयीचं, हेही चित्रपट ठरवून देत नाही. गोष्ट अर्ध्यावर थांबते.

हा चित्रपट भारतात मराठीसह अनेक भाषांत आला. भाषांतर करणाऱ्यांना ही अडचण ओळखीची असेल : शब्द जसेच्या तसे आणले तरी वाक्य कधी कधी मरतं, आणि सगळे शब्द बदलूनही ते कधी कधी जगतं. यापुढे पोशाखाच्या रंगावरून भांडणार नाही, असं वचन मी देत नाही. चाहता आहे, भांडणारच. पण चित्रपटगृहातून बाहेर पडताना आधी एवढं पाहीन की ते बारीक अक्षर कुठे आहे, की कोणी ते माझ्या सोयीसाठी खोडून टाकलं आहे.