जुना कॉम्प्युटर, नवं मानक आणि चुकलेली वेलांटी

माझं पीएचडीचं काम मराठी मजकुरावर चालतं. भरपूर मराठी वाक्यं गोळा करायची आणि त्यांतून कॉम्प्युटरला शब्दांची रूपं ओळखायला शिकवायचं. त्यासाठी मध्यंतरी शनिवार पेठेतल्या एका डीटीपीवाल्या काकांकडे गेलो होतो. दिवाळी अंकांच्या पंधरा-वीस वर्षांच्या फायली त्यांनी जपून ठेवल्यात. पेनड्राइव्ह भरून दिला, वर चहा पाजला. घरी येऊन फाइल उघडली, तर एकही मराठी अक्षर नाही! इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांची नुसती खिचडी.

काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "अहो, माझ्या मशीनवर तर छान दिसतंय."

दोघंही खरं बोलत होतो. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. कॉम्प्युटरच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच, फक्त त्याला मराठी कपडे चढवलेले. फॉन्ट काढला की कपडे गेले. शिवाय साठवण्याचा क्रम डोळ्यांना दिसतो तसा. 'किती' लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये आपण बोलतो तो क्रम, म्हणजे आधी क, मग वेलांटी. त्यामुळे जुन्या फायलीत 'किती' शोधलंत, तर ते सापडणारच नाही.

आता मुद्द्यावर येतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि तिच्यात देवनागरी होती. तिची मांडणी भारतातच तयार झालेल्या इस्की या मानकावर बेतलेली. म्हणजे मानक नव्हतं असं नाही. मग आपण इतकी वर्षं का थांबलो? नेहमीचं उत्तर असं: लोकांकडे जुने कॉम्प्युटर होते.

हे उत्तर अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं नीट मान्य करायला हवं. विंडोज ९८मध्ये देवनागरी युनिकोडची मुळात सोय नव्हती. ती विंडोज २०००मध्ये आली. एक्सपीमध्ये होती, पण कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन चालू करावी लागायची, आणि मग मशीन विंडोजची सीडी मागायचं. सीडी नसेल तर पडद्यावर चौकोन, नाहीतर वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला. इंग्रजीवाल्यांना ही झळ लागलीच नाही. युटीएफ-८ची रचनाच अशी आहे, की इंग्रजी मजकूर बाइटन् बाइट जुन्यासारखाच राहतो. मानक सगळ्यांसाठी एकच, पण ते स्वीकारण्याचा खर्च आपल्या वाट्याला जास्त आला.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र मला पटत नाही. जुन्या मशीनवाल्यांसाठी आपण काय केलं? १९९७च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४पासून पानाबरोबर फॉन्ट पाठवायची सोय आली. तिला डायनॅमिक फॉन्ट म्हणत. अनेक मराठी वृत्तपत्रांनी तीच वापरली, आणि वाचकाला काहीही न बसवता मराठी दिसू लागलं. पूल म्हणून ही युक्ती उत्तम होती. पण हा फॉन्ट फायरफॉक्समध्ये चालत नसे, मजकूर शोधयंत्राला सापडत नसे, आणि कॉपी केलात तर खिचडीच हाती यायची. पूल उतरून पलीकडे कधी जायचं हे कोणी ठरवलंच नाही. आपण पुलावरच बिऱ्हाड केलं. दुसरीकडे, मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला तो युनिकोडमध्येच. त्याचे तेव्हाचे लेख मी आज एका क्लिकवर वापरतो.

हे वेगळ्या पद्धतीनं करता येतं का? येतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था संकेतस्थळांना सुरक्षिततेची प्रमाणपत्रं फुकट देते. त्यांना आधार देणारं जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ला संपणार होतं, आणि अँड्रॉइड ७.१.१च्या आधीचे फोन नवं ओळखत नव्हते. संस्थेच्याच अंदाजानं असे फोन एकूण अँड्रॉइडच्या सुमारे एक तृतीयांश होते. त्यांनी नवं प्रमाणपत्र थांबवलं नाही आणि जुन्या फोनवाल्यांना वाऱ्यावरही सोडलं नाही. दुसऱ्या संस्थेची जोडसही घेऊन तीन वर्षांची सोय केली आणि ती कधी संपणार ते आधीच सांगून टाकलं.

माझा आक्षेप एवढाच आहे. जुन्या मशीनवाल्यांची काळजी करणं चूक नाही, पण शेवटची तारीख न ठरवता केलेली काळजी शेवटी त्यांच्याच अंगाशी येते. काकांचं मशीन अजून एक्सपीवर आहे, कारण त्यांचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. ज्यांना सांभाळायचं म्हणून आपण थांबलो, त्यांचंच आयुष्यभराचं काम आज कोणाला वाचता येत नाही.

फायली बदलून घेता येतात, पण प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. फॉन्टचं नाव हरवलं, तर कोणता तक्ता लावायचा हेच कळत नाही. तेव्हा तुमच्याकडे जुन्या सीडी असतील, तर मशीन चालू आहे तोवर बाहेर काढा. फायलीच्या नावातच फॉन्टचं नाव लिहा आणि एक पान पीडीएफ करून शेजारी ठेवा. काकांकडे मी येत्या रविवारी परत जातोय, याच कामासाठी.