चांदीचे नॅनोकण आणि जंतुनाशकतेचे दावे : एक चिकित्सा

नॅनोकणांच्या जंतुरोधक गुणधर्मावरील शोधनिबंधांची संख्या गेल्या दोन दशकांत विलक्षण वाढली आहे. वनस्पतीच्या पानांचा अर्क, सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण, काही वेळाने येणारा पिवळसर तपकिरी रंग, वर्णपटमापकावर ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान दिसणारे शिखर आणि अखेरीस आगर माध्यमावर उमटलेले स्वच्छ वर्तुळ, असा या निबंधांचा क्रम जणू ठरून गेला आहे. वनस्पती तेवढी बदलते. निष्कर्षात मात्र औषधनिर्मिती, वस्त्रोद्योग आणि जलशुद्धीकरण ही तिन्ही क्षेत्रे एकाच वाक्यात काबीज केली जातात.

जैविक पद्धतीने नॅनोकण तयार करण्याच्या भारतातील अभ्यासाचा पाया बऱ्याच अंशी पुण्यात घातला गेला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये व्हर्टिसिलियम या बुरशीच्या पेशींत चांदीचे कण तयार होतात हे दाखविले. २००३ मध्ये फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी तेच कार्य पेशीबाहेर करते हे सिद्ध झाले. कण कोठे बनतात, क्षपण कशामुळे होते, आकार कसा ठरतो, हे त्या कामातील प्रश्न होते. नंतरच्या अनुकरणात पद्धत उरली, प्रश्न मागे पडले.

चांदीच्या औषधी उपयोगाला आधार नाही असे मुळीच नाही. नवजात बालकांच्या डोळ्यांतील संसर्ग टाळण्यासाठी क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास सिल्व्हर नायट्रेटचे थेंब वापरले. भाजलेल्या जखमांसाठी फॉक्स यांनी १९६८ मध्ये सिल्व्हर सल्फाडायझीन पुढे आणले. (पूर्वजांच्या चांदीच्या भांड्यांचा उल्लेख बहुतेक प्रस्तावनांत असतो, पण घरातील वाटी-चमचा हा पुरावा नव्हे.) या सर्व उपयोगांत जिवाणूंवर परिणाम करतो तो चांदीचा आयन. तो विकरांतील गंधकयुक्त गटांशी बांधला जातो आणि पेशीचे व्यवहार थांबवितो. मग नॅनोकण स्वतः काय करतो? अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ऑक्सिजनविरहित स्थितीत कण तयार करून तपासले. चांदीचे ऑक्सिडीकरण होऊ न दिल्यास आयन सुटत नाहीत आणि कण जिवाणूंना मारत नाहीत, असे त्यांना आढळले. कण हा मुख्यतः आयनांचे कोठार ठरतो. ठरावीक वजनाच्या चांदीचे कण १०० ऐवजी १० नॅनोमीटर व्यासाचे केले की पृष्ठफळ दहापट होते व आयन लवकर सुटतात. लहान आकाराचे महत्त्व मुख्यतः यात आहे.

या निष्कर्षामुळे वर्तुळाच्या चाचणीतील उणीव उघडी पडते. आगरमध्ये आयन सहज पसरतो, कण कष्टाने सरकतो. अभिक्रियेनंतर द्रावण अपकेंद्रित करून कण धुतले नसतील, तर शिल्लक राहिलेले सिल्व्हर नायट्रेटच वर्तुळ उमटवू शकते. अनेक निबंधांत तुलनेसाठी केवळ वनस्पतीचा अर्क आणि एखादे प्रतिजैविक असते. तितक्याच चांदीचे सिल्व्हर नायट्रेट किंवा कण काढून घेतलेले वरचे द्रावण नसते. अशा स्थितीत मिलिमीटरमध्ये मोजलेला व्यास कशाचा आहे, हे सांगता येत नाही. शिवाय माध्यमातील क्लोराइड व प्रथिने चांदीला बांधून ठेवतात. त्यामुळे एका माध्यमातील किमान रोधक मात्रा दुसऱ्या माध्यमात लागू पडेलच असे नाही. क्लोराइड आणि प्रथिनांनी भरलेल्या जखमेत तर नाहीच. या त्रुटी दूर करण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. अपकेंद्रण यंत्र आणि दोन जादा नियंत्रणे पुरेत, आणि ती साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही शक्य आहेत.

रुग्णालयातील पुरावा अधिक संयत आहे. चांदीयुक्त मलमपट्ट्यांच्या २०१० च्या कॉक्रन आढाव्यास त्या संसर्ग टाळतात वा जखम लवकर भरतात असे म्हणण्याइतका आधार सापडला नाही. चांदीचा लेप दिलेल्या श्वासनलिकेच्या २००८ मधील चाचणीत कृत्रिम श्वसनाशी निगडित न्यूमोनियाचे प्रमाण ७.५ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आले. मृत्युदर मात्र घटला नाही. उपयोग आहे, पण तो विशिष्ट जागी व मर्यादित आहे. पोटात घेण्याच्या चांदीबाबत तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ मध्येच विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या कलिली चांदीला सुरक्षित व परिणामकारक मानण्यास नकार दिला. तिच्या दीर्घ सेवनाने त्वचा कायमची निळसर-करडी होते.

उद्योगांत चित्र संमिश्र आहे. २००९ मध्ये बाजारात आलेल्या टाटा स्वच्छ या जलशुद्धीकरण साधनात भाताच्या तुसाच्या राखेवर नॅनोचांदी बसविलेली होती. येथे कण आधाराला धरून राहतो आणि काम पाण्यापुरते असते. कापडाचे तसे नाही. २००८ मध्ये ॲरिझोनातील अभ्यासात काही मोज्यांतील जवळजवळ सर्व चांदी चार धुण्यांतच निघून गेली. ती सांडपाण्यात जाते, आणि तेथील जिवाणूंना अल्प मात्रेची सवय होऊ शकते.

प्रतिरोधाची शक्यता बहुतेक निबंध विचारातच घेत नाहीत. वास्तविक १९७५ मध्येच भाजलेल्या रुग्णांच्या कक्षातून सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला वर्णिला गेला होता आणि १९९९ मध्ये त्यामागील जनुके ओळखली गेली. नॅनोकणांना मात्र प्रतिरोध येणार नाही, ही समजूत चेक संशोधकांनी २०१८ मध्ये मोडीत काढली. वारंवार संपर्कानंतर इ. कोलाय व स्युडोमोनास हे जिवाणू फ्लॅजेलिन हे प्रथिन बाहेर सोडतात. त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात व निष्प्रभ ठरतात. जनुकात बदल न होता हे घडते. फ्लॅजेलिनची निर्मिती रोखून हा प्रतिरोध दडपण्यात त्याच अभ्यासात एका वनस्पतीचा अर्क उपयोगी पडला : डाळिंबाच्या सालीचा.