‘कट्यार काळजात घुसली’तील रुचिभेद

नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकात गानरुची हेच स्वभावचित्रणाचे साधन आहे. ‘घेई छंद’ हे एकच पद पंडित भानुशंकर सलगवराळीत संथपणे आळवितात, तर खाँसाहेब आफताब हुसेन धानीत तानांच्या आवेशाने गातात. दोघांच्या वृत्तीतील अंतर संवादांपूर्वीच प्रतीत होते. याचे श्रेय अर्थात जितेंद्र अभिषेकींचेही. तथापि नाट्याचा खरा पेच सदाशिवाच्या ठायी आहे. पंडितजींविषयी निष्ठा बाळगणारा हा तरुण त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचीच गायकी चोरून आत्मसात करू पाहतो, आणि खाँसाहेब तर विद्येला घराण्याची मिळकत मानतात. या दोघांच्या मानाने रुचीत अविचल राहिलेले पंडितजी आदरणीय असूनही काहीसे एकरेषीय वाटतात.