गूढ शब्दकोडे आणि मराठीचे व्याकरण

इंग्रजीत ज्यास 'क्रिप्टिक' म्हणतात, त्या शब्दकोड्यातील सूत्र एकाच उत्तराकडे दोन वाटांनी नेते: एक अर्थाची, दुसरी शब्दाच्या घडणीची. दोन्ही जेथे मिळतात तेथेच उत्तर सिद्ध होते. मराठी नियतकालिकांतील बहुतेक कोडी पहिल्या वाटेवरच थांबतात. 'समुद्र' देऊन 'सागर' मागणे ही शब्दसंग्रहाची हजेरी झाली. याचा दोष भाषेच्या माथी मारला जातो, तो कितपत खरा?

"पहिल्या स्वरामागून फळाचा मगज, की अथांग पाणी" हे सूत्र पाहावे. षड्जाचा 'सा', त्यामागे 'गर'. किंवा "वेल उलटताच मात्रांचा हिशेब": 'लता' उलटून 'ताल'. वर्णशः उलटल्यास मात्र 'आतल्' असे निरर्थक काही हाती येते. मराठी कोड्याच्या घरात वर्ण नव्हे, अक्षर बसते. त्यामुळे आडव्या शब्दाने उभ्यास दिलेले एकच अक्षर व्यंजन आणि स्वर दोन्ही पुरविते. सोडविणाऱ्याची सोय, रचणाऱ्यास काच.

खरी अडचण लिंगाची व सामान्यरूपाची आहे. 'तो माळ' उजाड, 'ती माळ' फुलांची. विशेषण जवळ येताच बिंग फुटते. प्रत्यय लागला तर 'माळावर', 'माळेत' अशी रूपेच निराळी होतात. रचणाऱ्याने शब्द प्रथमेत, विशेषणावाचून ठेवावा आणि 'माळ दिसेल' असा भविष्यकाळ योजावा, म्हणजे लिंग झाकते. अडचण आहे, अशक्यता नव्हे.

लंडनच्या 'टाइम्स'मध्ये शब्दकोडे १९३० साली आले. त्यापूर्वी सुमारे बारा शतके दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले होते. संधीत पद लपविणारी 'समागता', रूढ अर्थाने चकविणारी 'वंचिता' ही आजच्या सूत्रकाराचीच हत्यारे होत. "देवामागे लोंढा आला, तरी पांझरेकाठी वस्तीच": उत्तर 'देवपूर'. नावातील 'पूर' नगराचा, सूत्रातील पाण्याचा. संस्कृतात 'पुर' आणि 'पूर' लेखनातच वेगळे असल्याने हा चकवा तेथे साधला नसता. मराठी शुद्धलेखनाने उपान्त्य उकार दीर्घ केला आणि तो फुकट मिळाला!

उच्चारावर आधारलेल्या सूत्रांना तर बोलीच अधिक सामग्री देतील. खानदेशातील बोलींत 'ळ'च्या जागी 'य' येतो, 'काळा'चा 'काया' होतो. "खानदेशी काळा, म्हणजे देह" हे सूत्र येथील विद्यार्थी क्षणात सोडवील. त्याच्या पुण्याच्या मित्रास मात्र कोश उघडावा लागेल, आणि तोही 'काळा' या पानावर.