रक्ताचा शाप की घराचा?

कोकणातल्या लेखकाने वेडाची कथा लिहिली की वाचकाला आधी देवस्की आठवते, मग मुंजा आठवतो, आणि माणूस मागेच राहतो. जयवंत दळवी यांनी हा सोपा मार्ग घेतला नाही, ही त्यांची मोठीच पुण्याई म्हटली पाहिजे. त्यांचे गाव आरवली, वेतोबाचे. ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये गावाकडची माणसे हसतखेळत उभी करणाऱ्या आणि ‘ठणठणपाळ’ होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवणाऱ्या या लेखकाने ‘अंधाराच्या पारंब्या’ ही कादंबरी लिहिली, आणि तिच्यातूनच ‘बॅरिस्टर’ हे नाटक झाले. विजया मेहता यांनी ते 1977 साली रंगभूमीवर आणले. विक्रम गोखल्यांचा बॅरिस्टर ज्यांनी पाहिला ते तो विसरलेले नाहीत.

विलायतेहून शिकून आलेला हा गृहस्थ जुन्या वाड्यात केशवपन झालेल्या मावशीबरोबर राहतो. घराण्यात वेड आहे, ते एक दिवस आपल्यालाही गाठणार, हे भय त्याच्या पायात बेडीसारखे पडले आहे. वाड्यात भाड्याने आलेल्या जोडप्यातील राधा अकाली विधवा होते. तिला आधार द्यावा असे त्याला मनापासून वाटते. पण निर्णायक क्षणी त्याचे धैर्य गळते.

हे नाटक आपण आजवर रक्ताच्या शापाची शोकांतिका म्हणून पाहत आलो. ते वाचन मला अपुरे वाटते, आणि थोडे घातकही. शास्त्र काय सांगते ते पाहावे. स्किझोफ्रेनियासारखा आजार शंभरांत साधारण एकाला होतो. आईबाप किंवा सख्खे भावंड त्याने आजारी असेल तर हे प्रमाण शंभरांत सुमारे दहावर जाते. धोका वाढतो, हे खरे. पण शंभरांतले नव्वद सुटतात, हेही तितकेच खरे. बॅरिस्टरला हे नव्वद कोणी सांगितलेच नाहीत. आपल्याकडेही सोयरीक जुळत आली असता ‘त्यांच्या घरात आहे’ एवढे तीन शब्द कानाशी बोलले जातात आणि मुलीची पत्रिका परत येते. तिथेही हे नव्वद कोणी मोजत नाही.

दुसरी गोष्ट घराची. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळातून घरी परतलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. 1972 साली त्यांनी दाखवून दिले की, जिथे सतत टोचून बोलणे, राग वा गुदमरवणारी काळजी होती, तिथले 58 टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पुन्हा आजारी पडले. शांत घरांतले फक्त 16 टक्के. पुढे 1987 साली चंदीगडच्या कुटुंबांत असे टोचणे लंडनपेक्षा बरेच कमी आढळले. घराने आजार निर्माण होतो असा याचा अर्थ नव्हे, आणि आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे काही कारण नाही. मात्र घर आजाराला खतपाणी घालू शकते, तसेच औषधही होऊ शकते.

या उजेडात वाडा पाहिला म्हणजे दळवींची खरी शक्ती कळते. तिथे सर्वांत मोठी जखम बॅरिस्टरची नाही, ती मावशीची आहे. तिचे केस गेले ते रक्तामुळे नव्हे, रूढीमुळे. आणि तीच रूढी आता राधेच्या दाराशी उभी आहे. एका पिढीचा आघात दुसरीकडे कसा जातो, यावर विद्यापीठांतून पुढे पुष्कळ लिहिले गेले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी आघातोत्तर विकाराला आपल्या अधिकृत यादीत स्वतंत्र जागा दिली ती 1980 साली. दळवींनी त्याआधी तीन वर्षे तो आघात न्हाव्याच्या वस्तऱ्यातून दाखवला होता.

तरीही एक तक्रार उरते. दळवींच्या घरांना मागील दार नसते. ‘संध्याछाया’तले म्हातारे जोडपे घ्या, ‘नातीगोती’तले मतिमंद मुलाचे आईबाप घ्या, माणसे एकमेकांवर जीव टाकतात आणि त्या जिवापायीच कोंडून मरतात. शेजारी येऊन बसला, वैद्याला वेळीच विचारले, चार माणसांत उघड बोलले गेले, असे क्वचितच घडते. लेखकाने उपाय सांगावा असा माझा हट्ट नाही. पण अंधार इतका एकजिनसी असला की प्रेक्षक त्याला नियती समजून हळहळतो आणि सुटकेच्या भावनेने घरी जातो. ‘बॅरिस्टर’ यांत सरस ठरते ते एवढ्याचसाठी की तिथे मावशी राधेच्या नव्या संसाराची इच्छा धरते. जिची जखम सर्वांत जुनी, तिलाच दार दिसते. शिकलेल्या माणसाला दिसत नाही.

चावदिसाच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फोडून आपण कडू ते चिरडल्याचे समाधान मानतो आणि सारे मिळून पोह्यांना बसतो. त्या पंगतीत एखादे पान नेहमी माडीवर किंवा मागच्या खोलीत पोचवले जात असेल, तर यंदा ते इथेच मांडता येईल का, एवढा प्रश्न या नाटकाने घरात आणला तरी दळवी पुन्हा वाचल्याचे सार्थक झाले.